अठरा हजारांचा क्रॉस आणि फुकटची चार पदकं

मागच्या महिन्यात पनवेलच्याच एका कॉलेजच्या पोराचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. खाली एकच ओळ. "काका, हे ओरिजिनल आहे का? अठरा हजार सांगतोय."

फोटोत काळा, रुपेरी काठाचा क्रॉस. मधे स्वस्तिक, खालच्या पाकळीवर १९३९. हिटलरच्या जर्मनीचा आयर्न क्रॉस. मी लिहिलं, असं समोरून काही सांगता येत नाही, मागची बाजू आणि कड दाखव. त्याने दुसरा फोटो काढून पाठवला, तर त्यात क्रॉसच्या शेजारी एका पुठ्ठ्यावर सुतळीने बांधलेले तीन पितळी तारे आणि एक गोल पदक दिसलं. हे काय आहे म्हणून विचारलं. उत्तर आलं, "ते इंग्रजांचं काहीतरी आहे. क्रॉस घेतला तर ते फुकट देतो म्हणालाय."

ही पोस्ट त्या अठरा हजारांच्या क्रॉसबद्दल आहे आणि त्या फुकटच्या चार पदकांबद्दल. लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे 'जर्मन' हा शब्द तसाही फसवाच. आजी ज्याला जर्मनचं पातेलं म्हणायची ते ॲल्युमिनियमचं असायचं. आणि जर्मन सिल्व्हरची म्हणून जी ताट-वाटी लग्नात आहेर म्हणून येते तिच्यात चांदीचा कण नसतो, असतं ते तांबं, निकेल आणि जस्त. आयर्न क्रॉसचं मात्र तसं नाही. नावात लोखंड आहे आणि खऱ्या क्रॉसमध्ये ते खरोखरच असतं. तिथूनच तपासणी सुरू होते.

रविवारी आम्ही दोघं त्या विक्रेत्याकडे गेलो. जुन्या वस्तूंचा धंदा करणारा गृहस्थ, बोलायला गोड. दोन हजार अनामत ठेवून क्रॉस तासाभरासाठी घेतला आणि माझ्या ओळखीच्या सोनाराकडे नेला. पदकं तपासायला सोनारासारखा माणूस नाही हे इथेच सांगून ठेवतो. त्याच्याकडे दहापट भिंग असतं, मिलिग्रॅमचा काटा असतं तसं कॅलिपरही असतं, आणि धातू बघायची सवय लागलेले डोळे असतात.

खरा क्रॉस तीन तुकड्यांचा बनतो. मधे लोखंडाचा काळा गाभा. त्याला पुढून आणि मागून अशा दोन चौकटी, चांदीच्या किंवा चांदीचं पाणी दिलेल्या जर्मन सिल्व्हरच्या. या दोन चौकटी कडेला एकमेकींना झाळून जोडतात. म्हणजे क्रॉस आडवा धरून कड बघितली तर चारी पाकळ्यांभोवती एक सांधा फिरलेला असतो. चांगल्या कारखान्यात तो घासून जवळजवळ नाहीसा केलेला असे, पण भिंगाखाली पाकळ्यांच्या बेचक्यात कुठेतरी सापडतोच. आमच्या क्रॉसच्या कडेवरही एक रेघ होती. पोरगं खूश झालं. सोनाराने भिंग त्याच्याच हातात दिलं आणि म्हणाला, नीट बघ, ही रेघ आत गेलीये की वर आलीये? वर आलेली होती. सांधा म्हणजे दोन पत्रे भेटतात ती जागा, तिथे केसाएवढी खाच असते. वर आलेली रेघ ही दोन साच्यांच्या मधून धातू बाहेर आल्याची असते. गणपतीची मूर्ती साच्यातून काढल्यावर कानाजवळ जी धार राहते आणि कारागीर ती खरवडतो, तीच ही.

म्हणजे वस्तू एकसंध ओतलेली. काळा भाग हा गाभा नव्हता, रंग होता.

पुढचं सगळं मग त्याच दिशेने गेलं. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. (एकट्या चुंबकावर निकाल देऊ नका. नकली करणारेही आता लोखंडाचा गाभा घालतात, आणि चुंबकाला न चिकटणाऱ्या गाभ्याचे काही क्रॉस खरेही आहेत.) रुंदी मोजली. या क्रॉसची रुंदी साधारण ४४ मिलिमीटर असते, हा एक मिलिमीटरहून जास्त भरला कमी. याचं कारण सोपं आहे. खऱ्या वस्तूवरून साचा घेतला आणि त्यात धातू ओतला की थंड होताना तो आकसतो. नक्कल नेहमी मुळापेक्षा थोडी लहान निघते, आणि नकलेची नक्कल आणखी लहान. फोटोत हे कधीच कळत नाही. भिंगाखाली पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि पुटकुळ्या दिसल्या. ठशाखाली दाबून काढलेल्या धातूवर त्या येत नाहीत, ओतीव कामात हवेचे बुडबुडे राहतात म्हणून येतात. शेवटी कॅरेट मोजायच्या मशिनखाली ठेवला. जस्त, आणि थोडं शिसं.

फितीसाठी जी कडी असते तिच्यावर ६५ हा आकडा होता आणि विक्रेत्याचा सगळा भर त्या आकड्यावर. "नंबर आहे साहेब, नेटवर बघा." नेटवर बघितलं तर बरोबरच निघतं. जर्मनीत सरकारला पदकं पुरवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला नंबर दिलेला होता, आणि ६५ हा इडार-ओबरस्टाइन गावच्या क्लाइन उंड क्वेन्झर कंपनीचा. दुकानात खाजगी विक्रीसाठी वेगळे नंबर होते, त्यांच्या आधी एल अक्षर. त्यामुळे ल्युडेनशाइडच्या डॉयमर कंपनीचा माल सरकारी असला तर ३ आणि दुकानी असला तर एल-११ अशा खुणेचा दिसतो. हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे, म्हणजे नकली करणाऱ्यानेही वाचलेलं आहे. आकडा कुठला आहे याला फार अर्थ नाही. तो कसा उमटलाय ते बघायचं. खरा आकडा पोलादी ठशाने एका ठोक्यात उमटतो, कडा धारदार. आमचा ६५ फुगलेला होता, साबणावर उमटलेल्या आकड्यासारखा.

अठरा हजार वाचले. पण पोरगं हिरमुसलं, कारण त्याला क्रॉस हवा होता.

त्याच्यासारखे आपल्या भागात बरेच आहेत हे मला या फोटोंवरून कळतं, म्हणून बाकीच्या बिल्ल्यांबद्दलही थोडक्यात लिहितो.

पायदळाचा हल्ला बिल्ला १९३९च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. ओकच्या पानांच्या लंबगोलात आडवी रायफल आणि वर गरुड. तीन वेगवेगळ्या दिवशी हल्ल्यात भाग घेतला की मिळायचा, आणि मोटारीवरच्या पायदळाला तोच ब्राँझ रंगात. जखमींचा बिल्ला काळा, रुपेरी आणि सोनेरी अशा तीन रंगांचा, जखमांच्या संख्येप्रमाणे. यात बघायची मुख्य गोष्ट धातू आणि साल. युद्धाच्या सुरुवातीला हे बिल्ले टॉम्बाक नावाच्या तांबूस पितळेचे होते. पुढे तांबं तोफांच्या काडतुसांना लागायला लागलं आणि बिल्ले जस्ताचे झाले. जस्तावर मुलामा टिकत नाही. म्हणून १९४३-४४चा खरा बिल्ला आज बहुतेक वेळा राखाडी, फिकट, मुलामा जस्तात जिरून गेलेला असा दिसतो. लोकांना नेमका हाच नकली वाटतो, आणि लखलखीत रुपेरी घेऊन ते घरी जातात.

मागची पिन, बिजागरी आणि आकडा याला समोरच्या गरुडापेक्षा जास्त वेळ द्या. नक्कल करणारा सगळी कला पुढच्या बाजूवर खर्च करतो. बिजागरी तो आजच्या बाजारात मिळते तीच लावतो.

कापडी बिल्ल्यांना अल्ट्राव्हायोलेट दिवा लावतात. आपल्याकडे दुकानात नोटा तपासायला असतो तोच. युद्धानंतर धागे आणि साबण पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी रसायनं सर्रास घातली जाऊ लागली ती या दिव्याखाली निळसर चमकतात. युद्धकाळातला सुती धागा सहसा चमकत नाही. पण घरच्या कुणी खरा बिल्ला नंतर कधी वॉशिंग पावडरीत धुतला असेल तर तोही चमकेल, तेव्हा यावरही शपथ घ्यायची नाही.

मग तिसरा प्रकार, जो खराही आहे आणि नकलीही. १९५७ साली पश्चिम जर्मनीने कायदा केला की जुन्या सैनिकांना युद्धातली पदकं लावायची असतील तर लावा, पण स्वस्तिकाशिवाय. मग त्याच कारखान्यांनी त्याच पदकांची नवी आवृत्ती काढली, आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं. ती अधिकृत पदकं आहेत, फक्त युद्धातली नाहीत. आणि काही कारखान्यांनी परदेशी शौकिनांसाठी युद्धानंतरही स्वस्तिकवाला माल काढला. व्हिएन्नाचा रुडॉल्फ सोव्हाल त्यात प्रसिद्ध. ठसा खरा, कारखाना खरा, वर्ष खोटं. अशा ठिकाणी आमचं भिंग आणि काटा दोन्ही थकतात.

सोव्हालचं नाव मुद्दाम घेतलं. त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे.

क्रॉस परत द्यायला गेलो तेव्हा विक्रेत्याने शेवटचं पान टाकलं. म्हणाला, धातूचं काय घेऊन बसलात, हा क्रॉस आझाद हिंद फौजेतल्या एका म्हाताऱ्याच्या घरातून आलाय, सुभाषबाबूंनी स्वतःच्या हाताने दिलेला. असं म्हटलं की आपल्या लोकांचे डोळे भरून येतात आणि पाकीट उघडतं. म्हणून हे जरा नीट उलगडून सांगतो.

आझाद हिंद या नावाच्या दोन वेगवेगळ्या फौजा होत्या. आपण ज्या फौजेची गाणी ऐकत वाढलो ती पूर्वेकडची. सिंगापूर, मलाया, ब्रह्मदेश, इम्फाळ. सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले तिच्यात मेजर जनरल होते. तिची सोबत जपानशी होती. तिथल्या सैनिकाला जर्मन आयर्न क्रॉस मिळायचं काही कारणच नव्हतं. दुसरी फौज युरोपातली. नेताजी १९४१च्या एप्रिलमध्ये बर्लिनला पोचले आणि उत्तर आफ्रिकेत पकडल्या गेलेल्या हिंदी युद्धकैद्यांमधून त्यांनी एक पलटण उभी केली. जर्मन लष्करात तिचा नंबर ९५० होता. गणवेश जर्मन, दंडावर तिरंगी ढाल, तिच्यावर झेप घेणारा वाघ आणि वर 'फ्रायेस इंडिएन', म्हणजे स्वतंत्र भारत. नेताजी १९४३च्या फेब्रुवारीत पाणबुडीने पूर्वेकडे निघून गेले. ही माणसं मागे राहिली, आधी हॉलंडच्या किनाऱ्यावर आणि मग फ्रान्सच्या. १९४४च्या ऑगस्टमध्ये त्यांना वाफेन एसएसच्या खाली घातलं गेलं. बर्लिनमध्ये नेताजींबरोबर काम केलेले एन. जी. गणपुले यांनी या काळावर 'नेताजी इन जर्मनी' हे पुस्तक लिहिलं आहे.

नेताजींनी युरोपात असताना आझाद हिंदची स्वतःची पदकं ठरवली. वीर-ए-हिंद, शहीद-ए-भारत वगैरे. ती बनवली व्हिएन्नाच्या याच सोव्हालने. म्हणजे भावनेने आपल्याला सगळ्यात जवळचं पदक आणि नकलांसाठी बदनाम असलेला कारखाना, असा योग जुळून आला आहे. ही पदकं आणि तो वाघाचा बिल्ला आज ज्या संख्येने विकायला दिसतात तेवढी ती पलटणच नव्हती. हजारांत मोजावी एवढी माणसं होती. तेव्हा 'सुभाषबाबूंच्या हातचं' असं कुणी म्हणालं की नाव विचारा, नंबर विचारा, पगारपुस्तक विचारा, फोटो विचारा. नुसती गोष्ट विकत घेऊ नका. मी विक्रेत्याला एवढंच विचारलं, म्हाताऱ्याचं नाव काय? तो म्हणाला, ते लोक नाव सांगत नाहीत.

जर्मन बिल्ला कोकणातल्या घरात खरोखर सापडू शकतो का? हो, शकतो. पण त्याचा रस्ता वेगळा आहे, आणि तो रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातो.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणींनी जर्मनांशी समोरासमोर लढाई केली. दुसरी पलटण टोब्रुकला होती. २१ जून १९४२ला टोब्रुक पडलं आणि ती तिथे कैदेत गेली. पहिली पलटण इटलीत उतरली आणि नोव्हेंबर १९४३ची सांग्रो नदी ते एप्रिल १९४५ची सेनिओ नदी अशी लढत वर गेली. त्या सेनिओवर ९ एप्रिलला संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना नदीतून पाठीवर आणलं, परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते जिवंत परत आले. तिसऱ्या पलटणीचे यशवंत घाडगे आले नाहीत. आपल्या माणगाव तालुक्यातले. १० जुलै १९४४, इटलीत तिबर नदीचं वरचं खोरं. मशीनगनच्या माऱ्यात तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाले, हा एकटा पुढे धावला. बॉम्ब टाकून गन बंद केली, गोळ्या संपल्यावर बंदूक उलटी धरून उरलेल्यांवर तुटून पडला, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला टिपलं. वय २२. त्याची कबर सापडत नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात पुतळा आहे, मुंबई-गोवा हायवेने जाताना आपण सगळे त्या गावातून जातो. आणि २०२३च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्याच्या नावाने स्मारक उभारलं, त्यात एक सूर्यघड्याळ आहे.

अशा लढाईतून परत येणाऱ्या सैनिकाच्या पेटीत पकडलेल्या किंवा मेलेल्या जर्मनाचा एखादा बिल्ला, पट्ट्याचं बक्कल, एखादं नाणं येतच असे. जगातल्या सगळ्या सैन्यात येतं. आयर्न क्रॉसचा दुसरा वर्ग जर्मनीने वीस लाखांहून जास्त वाटला, तेव्हा एखादा कोकणात येऊन पडला तर त्यात आश्चर्य नाही. म्हणून कुणाच्या घरात आजोबांच्या स्वतःच्या पदकांबरोबर, त्याच डबीत, जर्मन बिल्ला निघाला तर मी तो जास्त गांभीर्याने बघेन. बिल्ल्याचा खरेपणा मग त्या डबीमुळे वाढतो. डबीतून काढून एकटा विकला की त्याची साक्ष गेली.

आता थोडं कडू बोलतो. अठरा हजार देऊन हा बिल्ला लोकांना का हवा असतो? इतिहासाची आवड हे एक उत्तर आहे आणि ते खरंही असतं. पण नेहमी नाही. २००६ साली आपल्या खारघरमध्ये 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट निघालं होतं, जाहिरातीत स्वस्तिक आणि भिंतीवर हिटलर. मुंबईतल्या ज्यू लोकांनी हरकत घेतली, बातमी जगभर गेली आणि काही दिवसांत नाव बदलावं लागलं. तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की आपल्याला काय त्याचं, ते तिकडचं भांडण. तिकडचं? पनवेलमध्ये बेथ एल हे सिनेगॉग आहे. बेने इस्राएल लोक शतकानुशतकं याच किनाऱ्यावर राहिले, तेलाच्या घाण्या चालवल्या, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मराठीत बोलायचे, बोलतात. ब्रिटिश हिंदी सैन्यातही ते पिढ्यान्‌पिढ्या होते. ज्या राजवटीचा हा क्रॉस आहे तिने युरोपात असे साठ लाख लोक मारले. जर्मनीत आज ही चिन्हं जाहीरपणे मिरवली तर गुन्हा होतो, अभ्यास आणि शिक्षणाला तेवढी सूट आहे. आपल्याकडे असा कायदा नाही. ठेवायचा तर ठेवा, पण तो दिवाणखान्यात तलवारींच्या शेजारी का लागलाय हे एकदा स्वतःला विचारा. मी त्या पोरालाही विचारलं. तो म्हणाला, "भारी दिसतो." प्रामाणिक उत्तर होतं, राग आला नाही.

मग मी त्याला म्हटलं, आता तो फुकटचा पुठ्ठा उलटा कर.

तीन तारे. सहा टोकांचे, पितळेसारख्या पिवळ्या धातूचे, मधे राजाची आद्याक्षरं आणि भोवती पट्ट्यावर नाव. पहिला १९३९-४५चा तारा, दुसरा आफ्रिका, तिसरा इटली. इटलीच्या ताऱ्याची फीत शाबूत होती, लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, त्यांच्या झेंड्याच्या रंगांची. चौथं गोल पदक म्हणजे युद्धपदक, मागे दोन तोंडांच्या सापासारख्या राक्षसावर उभा सिंह. विलायतेत हीच पदकं गोऱ्या सैनिकांना बिननावाची दिली. खर्च वाचवला. पण हिंदी सैनिकांना गेलेल्या पुष्कळ पदकांवर नाव उमटवलेलं असतं. ताऱ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला, आणि गोल पदकाच्या कडेवर.

या चारही पदकांवर होतं. सैनिक नंबर, मग हुद्दा शिपाई, मग नाव, मग पलटण, 'मराठा'च्या मधे एक जादा एच घालून लिहिलेली त्या काळची सरकारी स्पेलिंग. मी भिंगाखाली अक्षरं बघितली. इथेही नकला होतात हं, खऱ्या पदकावरचं नाव खरवडून दुसरं कोरलेलं मी पाहिलं आहे. खरवडलं असेल तर तेवढ्या जागी कड पातळ होते, बोटाच्या नखाला लागते. आणि हाताने कोरलेली रेघ सुरुवातीला उथळ आणि मधे खोल असते. ही अक्षरं एकेक करून ठशाने उमटवलेली, सगळी सारख्याच खोलीची. चौघांवर नंबर एक, नाव एक. मांडणीत कुठे विसंगती नाही, आफ्रिका आणि मग इटली, मराठा पलटणींनी केलेल्या प्रवासाला धरून.

त्या टेबलावर पाच वस्तू होत्या. एक खोटी, तिची किंमत अठरा हजार. चार खऱ्या, त्या फुकट.

सोनार इतका वेळ गप्प होता, तो हळूच म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळी असली गोल चांदीची पदकं मोडीत यायची. ती पहिल्या महायुद्धाची. त्या युद्धाचं ब्रिटिश युद्धपदक चांदीचं होतं, तीन तोळ्यांच्या आत-बाहेर वजन, आणि त्याच्याही कडेवर नाव. चांदीचा भाव वाढला की गावाकडून एखादी म्हातारी घेऊन यायची. वितळवलं की नाव गेलं. "आम्ही कड वाचायचो नाही," तो म्हणाला. "वजन बघायचो."

दुसऱ्या युद्धाचे तारे या बाबतीत नशीबवान, पितळेला भाव नाही म्हणून ते उरले. पण म्हणूनच ते भंगारात किलोवर जातात. एक व्यवहाराची गोष्ट : पहिल्या महायुद्धाच्या पदकांना आता शंभर वर्षं झाली आहेत. १९७२च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांची रेषा आहे, तेव्हा ती परदेशी गिऱ्हाइकाला पोस्टाने पाठवायचं धाडस करू नका. आणि कुठलंही पदक चिंच किंवा पावडर लावून घासू नका. रंग काळवंडलेला असू दे. घासलं की कडेवरची अक्षरं झिजतात, आणि नंबरातला एक आकडा गेला तरी माणूस सापडत नाही.

विक्रेत्याकडे परत गेलो, क्रॉस दिला, अनामत घेतली. पोरगं म्हणालं, मला ते चार पाहिजेत. विक्रेता विचारात पडला. दोन मिनिटांपूर्वी फुकट असलेल्या वस्तूला भाव आला होता. बाराशे म्हणाला. पोराने घासाघीस न करता दिले.

पदकावर गाव लिहिलेलं नसतं, फक्त नंबर, नाव, पलटण. नंबर घेऊन आम्ही दोन ठिकाणी पत्रं टाकली आहेत, बेळगावला मराठा रेजिमेंटच्या केंद्राकडे आणि अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. पूर्ण नाव इथे टाकत नाही, घरच्यांना आधी कळू दे. आडनाव असं आहे की ते माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यात खूप सापडतं. तुमच्या घरात कुणी पणजोबा-आजोबा मराठा पलटणीतून आफ्रिका आणि इटलीला गेले असतील आणि त्यांची पदकं घरातून कधी गेली ते कुणाला आठवत नसेल, तर मला मेसेंजरवर फक्त आडनाव आणि गाव कळवा. नंबर मी जुळवून बघतो.

एक गोष्ट मात्र त्याच रात्री कळली. दोन्ही युद्धांत पडलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने इंटरनेटवर ठेवली आहे, कुणालाही फुकट शोधता येते. यशवंत घाडग्यांचं नाव त्यात लगेच निघतं. पोराने आपल्या शिपायाचं नाव आणि नंबर तीन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगने घालून बघितला. रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला, "काका, यादीत नाहीयेत. म्हणजे ते परत आले होते."